परवान्याचे माप

महामार्गावरील टोलनाक्याच्या कचेरीमागे एक लहानशी खोली असते. तेथे लोखंडी कपाटात दोन संगणक एकावर एक बसविलेले असतात, खाली बॅटऱ्या असतात आणि पंख्यांची घरघर रात्रंदिवस चालू असते. नाक्यावरून जाणाऱ्या प्रवाशाला या खोलीचा पत्ताही नसतो. त्याच्या मोटारीच्या काचेवरील फास्टॅग वाचला जातो, तो रद्द ठरलेल्यांच्या यादीत आहे की काय हे पाहिले जाते आणि अडसर वर उचलला जातो. हा सारा व्यवहार काही क्षणांत उरकावयाचा असतो. त्यासाठी दर खेपेस शेकडो मैलांवरील मुख्य केंद्राला विचारीत बसणे परवडण्याजोगे नाही. आणि तारच तुटली तर विचारणार तरी कोणाला? म्हणून ती यादी नाक्यावर आणून ठेवलेली असते आणि निर्णयही तेथल्या तेथेच होतो.

माहिती जेथे उत्पन्न होते तेथेच, किंवा तिच्या अगदी जवळ, संगणकाचे काम करून घेण्याच्या या पद्धतीला एज कंप्युटिंग असे नाव पडले आहे. एज म्हणजे कड. जाळ्याच्या मध्यभागी मोठी डेटा सेंटरे असतात, आणि कडेला कारखाना, रुग्णालय, रेल्वेचे स्थानक, शीतगृह यांसारखी ठिकाणे असतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. म्हणजे हजार किलोमीटर जाऊन परत येण्यास त्याला एक शतांश सेकंद पुरतो. तेव्हा अडचण केवळ अंतराची नाही. वाटेत लागणारी यंत्रे, त्यांच्यावरील गर्दी, आणि रस्ता खोदताना कुदळीखाली सापडणारी तार, ही खरी अडचण आहे. आपल्या देशात ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. रेल्वेच्या रेलटेल या कंपनीने २०२२ मध्ये रेल्वेमार्गालगत १०२ ठिकाणी अशी लहान केंद्रे उभारण्याची योजना पुढे मांडली, ती याच विचाराने.

अशा केंद्रासाठी यंत्रे कोणती घ्यावीत, वीज किती लागेल, खोली थंड कशी ठेवावी, यांची चर्चा पुष्कळ होते. त्या यंत्रांत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना कोणत्या मापाने मोजला जाणार आहे, हा प्रश्न मात्र बहुधा यंत्रे कपाटात चढल्यावर उपस्थित होतो. वास्तविक तो सर्वांच्या आधी विचारावयास हवा. कारण मध्यवर्ती केंद्रासाठी घडविलेले माप कडेच्या लहान केंद्राला लावले की हिशेब पार बदलून जातो.

हे माप समजण्यासाठी आभासी यंत्र म्हणजे काय ते थोडक्यात पाहिले पाहिजे. पूर्वी एका संगणकावर एकच कार्यप्रणाली नांदत असे. आता हायपरव्हायजर नावाचे एक सॉफ्टवेअर संगणकाचा ताबा घेते आणि त्याची शक्ती वाटून अनेक आभासी यंत्रे निर्माण करते. जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत, प्रत्येकाची चूल वेगळी असावी, आणि पाणी, ओसरी, खोल्या यांची वाटणी मालकाच्या कारभाऱ्याने करावी, तसाच हा प्रकार आहे. हायपरव्हायजर हा तो कारभारी. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते की घर आपलेच आहे. नाक्यावरच्या कपाटात दोन संगणक असले तरी टॅगची यादी, कॅमेऱ्यांची चित्रे, पैशांचा हिशेब आणि देखरेख अशी चार बिऱ्हाडे त्यांत सुखाने राहतात. एक संगणक बंद पडला तर त्याची बिऱ्हाडे दुसऱ्यावर हलविता येतात. म्हणून तर संगणक दोन ठेवावयाचे.

ही युक्ती नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील केंब्रिज येथे तिचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम ३७० ही प्रणाली बाजारात आणली. त्याच कंपनीने २३ जून १९६९ रोजी एक वेगळीच घोषणा केली होती. तोवर यंत्र विकत किंवा भाड्याने घेतले की सॉफ्टवेअर त्यासोबत येत असे. त्या दिवसापासून काही सॉफ्टवेअरची किंमत स्वतंत्रपणे आकारली जाऊ लागली. वस्तू म्हणून ज्याला वजन नाही, लांबीरुंदी नाही, त्याची किंमत कशाच्या प्रमाणात घ्यावयाची, हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मास आला आणि तो आजतागायत सुटलेला नाही.

खरेदीदाराच्या हाती नेमके काय पडते, याविषयी भारतीय कायद्याची भूमिका बरीच स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्रॅम आले, आणि ते साहित्यकृतींत गणले जातात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात, तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर हा विक्रीकरापुरता माल आहे, असे ठरविले. पुढे मार्च २०२१ मध्ये इंजिनिअरिंग अॅनालिसिस सेंटरच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कॉपीराइट आणि कॉपीराइट असलेली वस्तू यांतील भेद आयकराच्या संदर्भात पुन्हा अधोरेखित केला. ग्रंथ विकत घेणारा माणूस ग्रंथाचा धनी होतो, ग्रंथकर्त्याच्या हक्काचा होत नाही, सॉफ्टवेअरचेही तसेच. कायद्याच्या ५२ व्या कलमाने वैध धारकाला नुकसानीपासून बचावासाठी प्रत काढण्याची मुभा दिली आहे. परंतु आभासी यंत्र हीच मुळी एक फाइल असते. तिची बचावाची प्रत काढणे आणि तीच प्रत दुसऱ्या संगणकावर चालू करून नवे बिऱ्हाड थाटणे, यांत केवळ एका आज्ञेचे अंतर आहे. पहिली गोष्ट कायद्याने दिलेली मुभा आहे. दुसरीला परवाना लागतो. हे अंतर किती अरुंद आहे याची कल्पना पुष्कळ कचेऱ्यांना तपासणीची नोटीस येईपर्यंत नसते.

आता मापाकडे वळू. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये ही युक्ती साध्या संगणकावर आणली आणि २००१ मध्ये सर्व्हरसाठी तयार केली. त्या काळी परवाना प्रोसेसरच्या संख्येवर मोजणे सोयीचे होते. यंत्र उघडून कोणालाही ती मोजता येई. २००५ पासून एकाच प्रोसेसरच्या पोटात दोन, मग चार, मग आठ कोअर मावू लागले. वाडा बाहेरून तेवढाच राहिला, आतले खण मात्र वाढत गेले, आणि विक्रेत्याला घरपट्टी जुनीच मिळत राहिली. मग नवे माप शोधण्याची धडपड सुरू झाली. व्हीएमवेअरने जुलै २०११ मध्ये आभासी यंत्रांना दिलेल्या स्मृतीवर, म्हणजे मेमरीवर, परवाना मोजण्याचे ठरविले. ग्राहकांनी एवढा गलका केला की महिन्याभरातच मर्यादा वाढवावी लागली, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये ते मापच मागे घ्यावे लागले. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हरच्या २०१६ च्या आवृत्तीपासून कोअर मोजण्यास आरंभ केला. व्हीएमवेअरने एप्रिल २०२० पासून एका प्रोसेसरच्या परवान्याला ३२ कोअरांची मर्यादा घातली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली, आणि पुढच्याच महिन्यात कायमच्या परवान्यांची विक्री थांबवून कोअरवर मोजलेली मुदतीची वर्गणी सुरू केली.

कोअर हे माप वाईट आहे असे म्हणता येणार नाही. किंबहुना ते प्रोसेसरपेक्षा न्याय्य आहे. गोम आहे ती त्याच्या तळाशी घातलेल्या किमान संख्येत. व्हीएमवेअरच्या नव्या पद्धतीत प्रत्येक प्रोसेसरमागे निदान १६ कोअर धरले जातात. विंडोज सर्व्हरला प्रत्येक प्रोसेसरमागे ८ आणि प्रत्येक संगणकामागे १६ कोअरांचा परवाना घ्यावाच लागतो. मोठ्या डेटा सेंटरात ३२ किंवा ६४ कोअरांचे प्रोसेसर असतात. तेथे ही अट असून नसल्यासारखी आहे. परंतु नाक्यावरच्या कपाटात मुद्दाम लहान, कमी वीज खाणारा, आठ कोअरांचा संगणक ठेवलेला असतो. आठ खणांच्या घराला सोळा खणांची घरपट्टी!

एक उदाहरण घेऊन हा हिशेब पुरा करणे उचित होईल. समजा, एका संस्थेची अशी १०० केंद्रे आहेत; प्रत्येक ठिकाणी दोन संगणक, प्रत्येकात ८ कोअरांचा एक प्रोसेसर, आणि दोन्ही मिळून चार आभासी यंत्रे. प्रत्यक्ष कोअर एका केंद्रात १६ आणि एकूण १,६००. हायपरव्हायजरची वर्गणी वरील नियमाने दोन प्रोसेसरांसाठी ३२ कोअरांची, म्हणजे सर्व केंद्रांसाठी ३,२०० कोअरांची भरावी लागेल. येथवर दुप्पट झाले.

आता त्या चारही आभासी यंत्रांत विंडोज सर्व्हरची स्टँडर्ड आवृत्ती चालवावयाची आहे असे धरू. तिचा नियम असा की, संगणकाचे सर्व कोअर एकदा परवान्याखाली आणले की दोन आभासी यंत्रे चालविता येतात. आणखी दोन हवी असतील तर तेच कोअर पुन्हा एकदा मोजावयाचे. सामान्य दिवशी प्रत्येक संगणकावर दोनच यंत्रे असतात, तेव्हा १६ आणि १६ मिळून ३२ पुरतील असे वाटते. पण एक संगणक बंद पडला की चारही यंत्रे दुसऱ्यावर येणार. परवाना एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्यास, यंत्र कायमचे निकामी झाल्याखेरीज, ९० दिवस थांबावे लागते. बिघाड इतका सोशीक नसतो. म्हणून दोन्ही संगणकांना चार-चार यंत्रांचा परवाना आधीच घेऊन ठेवावा लागतो. म्हणजे प्रत्येकी १६ची दुप्पट ३२, आणि दोघांचे मिळून ६४. प्रत्यक्षातील कोअर १६, परवान्यातील ६४. शंभर केंद्रांचे ६,४००. संस्थेने संकटासाठी राखून ठेवलेल्या रिकाम्या जागेचीच ही पट्टी आहे, आणि ती जागा वर्षातून एखाद दिवस वापरात येईल किंवा येणारही नाही.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून, वर्गणी किंवा देखभालीचा करार असलेल्या ग्राहकांना, संगणकाऐवजी आभासी यंत्रे मोजण्याची सवलत दिली. तिच्यात प्रत्येक आभासी यंत्रामागे निदान ८ कोअर धरले जातात. चार यंत्रांचे ३२ झाले. ६४ वरून ३२ हा काही लहान फरक नव्हे. पण ही सवलत कोणी घरी आणून देत नाही. ती कराराच्या वेळी मागून घ्यावी लागते, आणि त्यासाठी ती आहे हे आधी माहीत असावे लागते.

कडेच्या केंद्रांना शोभेल असे एक माप एके काळी बाजारात होते. व्हीएमवेअर दूरच्या शाखांसाठी २५ आभासी यंत्रांचा एक गठ्ठा विकत असे आणि तो अनेक ठिकाणी वाटून वापरता येई. एका ठिकाणी चार, दुसरीकडे तीन, असे. प्रोसेसर किती, कोअर किती, याची चौकशी त्यात नव्हती. २०२३ च्या अखेरच्या फेरबदलात विक्रीच्या यादीतून ती पद्धतही गेली. लहान गिऱ्हाइकाच्या सोयीची मापे प्रथम जातात, असा बाजाराचा शिरस्ताच दिसतो.

मापाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो पैशांपेक्षा अधिक विचार करावयास लावणारा आहे. तो म्हणजे काळाचे माप. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२० मध्ये अॅझ्युअर स्टॅक एचसीआय नावाची प्रणाली दिली. २०२४ पासून तिचे नाव अॅझ्युअर लोकल असे झाले. तिचा आरंभीचा दर दरमहा प्रत्येक प्रत्यक्ष कोअरमागे १० डॉलर होता. येथे खण जितके तितकीच पट्टी. १६ कोअरांच्या केंद्राला महिन्याला १६० डॉलर. हा हिशेब सरळ आहे. मात्र या यंत्रणेने ३० दिवसांतून निदान एकदा कंपनीच्या मुख्य जाळ्याशी संपर्क साधला पाहिजे, अशी अट होती. संपर्क न झाल्यास चालू आभासी यंत्रे चालूच राहत, पण नवे यंत्र निर्माण करता येत नसे. व्हीएमवेअरच्या जून २०२५ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीतही वापराचा तपशील ठराविक मुदतीत कळवावा लागतो; तारेने न जोडलेल्या केंद्रांसाठी ती मुदत १८० दिवसांची आहे आणि फाइल हाताने नेऊन ते काम करता येते.

तीस दिवस किंवा एकशे ऐंशी दिवस ही मुदत शहरात बसून पुष्कळ वाटते. बर्फाने वाट बंद होणाऱ्या खोऱ्यातील केंद्राला, समुद्रावरील जहाजाला किंवा बंदोबस्तासाठी जाळ्यापासून मुद्दाम तोडून ठेवलेल्या ठिकाणाला ती तशी वाटेलच असे नाही. शिवाय मुदत संपल्यावर नेमके काय बंद पडते, हे बारकाईने वाचले पाहिजे. व्हीएमवेअरच्या यजमान संगणकाचा परवाना संपला तर चालू असलेली आभासी यंत्रे तत्काळ थांबत नाहीत. तो संगणक मध्यवर्ती देखरेखीपासून तुटतो, आणि बंद असलेले यंत्र पुन्हा चालू करता येत नाही. वरवर पाहता हे सौम्य आहे. पण मुदत संपल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही, सारे सुरळीत चालले, आणि महिन्याभराने एका रात्री वादळात वीज गेली व बॅटऱ्याही उतरल्या, तर सकाळी वीज येते, पंखे फिरू लागतात, पण आभासी यंत्रे उठत नाहीत. जागेवर असतो तो पहारेकरी. त्याला परवाना हा शब्द बंदुकीच्या किंवा गाडीच्या संदर्भातच ठाऊक असण्याचा संभव. रुग्णालयातील केंद्र असेल तर या सकाळीचा अर्थ निराळाच होतो.

ओरॅकल कंपनीच्या डेटाबेसचे माप तर वादाचेच होऊन बसले आहे. प्रत्येक कोअरला ठराविक गुणकाने गुणून ती परवाने मोजते. इंटेलच्या नेहमीच्या प्रोसेसरांसाठी हा गुणक अर्धा आहे. तथापि आभासी यंत्राला व्हीएमवेअरने घातलेली सीमा ती भिंत मानीत नाही, पडदा मानते. डेटाबेसचे बिऱ्हाड ज्या ज्या वाड्यात हलविता येणे शक्य आहे ते सारे वाडे मोजावेत, असा तिचा पवित्रा असतो. ग्राहक म्हणतात की करारात सॉफ्टवेअर जेथे बसविले किंवा चालविले आहे असे शब्द आहेत, जेथे चालू शकेल असे नाहीत. आणि ज्या धोरणपत्राचा आधार कंपनी घेते त्यावरच ते केवळ माहितीसाठी असून कराराचा भाग नाही असे छापलेले आहे. मार्स या चॉकलेटच्या कंपनीने २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात याच तपासणीवरून दावा लावला. तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला आणि प्रश्नाचा निवाडा झालाच नाही. ज्याची शंभर केंद्रे एकाच देखरेखीच्या प्रणालीखाली ओवलेली आहेत, त्याला या अनिर्णित प्रश्नाची धग सर्वांत जास्त. अशा डेटाबेसला सर्वांपासून वेगळा, स्वतंत्र संगणक देणे महाग दिसते, पण बहुधा तेच स्वस्त पडते.

मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग या साऱ्या मोजणीतून सुटका करतो, असे अनेकदा सांगण्यात येते. ते खरे आहे, पण अर्धे. केव्हीएम हा हायपरव्हायजर फेब्रुवारी २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. तो किती कोअरांवर चालतो हे कोणी विचारीत नाही आणि त्याची मुदतही संपत नाही. त्यावर उभारलेले प्रॉक्समॉक्स २००८ पासून उपलब्ध आहे. कंपनीचा आधार हवा असेल तर ती प्रोसेसरची संख्या मोजते, कोअरांची नव्हे, आणि आठ कोअरांच्या लहान यंत्राला हे माप सोसण्यासारखे आहे. भारत सरकारने मार्च २०१५ मध्ये जाहीर केलेल्या धोरणातही सरकारी प्रणालींसाठी मुक्त सॉफ्टवेअरला पसंती दिलेली आहे. तथापि हायपरव्हायजर बदलला म्हणून आतल्या विंडोजचे आणि डेटाबेसचे माप बदलत नाही. कारभारी फुकट मिळाला तरी बिऱ्हाडांची पट्टी उरतेच. शिवाय शंभर ठिकाणची यंत्रे एका पद्धतीतून दुसरीत नेणे म्हणजे शंभर प्रवास, आणि जाणकार माणसाचा दिवस हल्ली कोअरपेक्षा महाग आहे.

मोजमापाचे हे नियम मग यंत्रांच्या घडणीवरही परिणाम करतात. सोळा कोअर मोजलेच जाणार असतील तर सोळा कोअरांचा एकच प्रोसेसर का घेऊ नये, असा विचार करून खरेदीदार दोन लहान प्रोसेसरांऐवजी एक मध्यम प्रोसेसर घेतात. तिसऱ्या संगणकाची गोष्टही अशीच आहे. दोन संगणकांमधील तार तुटली तर प्रत्येकाला वाटते की दुसरा मेला, आणि दोघेही कारभार हाती घेऊ पाहतात. हा तंटा मिटविण्यास तिसरा लागतो. पण प्रत्येक कपाटात तिसरा संगणक ठेवला की त्याचेही कोअर मोजले जाणार. यावर तोड म्हणून व्हीएमवेअरच्या साठवणप्रणालीत मुख्य केंद्रात एक लहानसे आभासी यंत्र साक्षीदार म्हणून बसविता येते. त्याचा परवाना त्याच्यासोबतच येतो, वेगळा मोजावा लागत नाही. २०२० च्या आवृत्तीपासून असा एक साक्षीदार दोन-दोन संगणकांच्या ६४ केंद्रांची साक्ष देऊ शकतो. मुख्य केंद्राशी जोडणारी तार तुटली तरी दोन्ही संगणक शाबूत आणि परस्परांच्या संपर्कात असेतोवर काम अडत नाही. तार तुटलेली असतानाच एखादा संगणक बंद पडला, तर मात्र उरलेल्याची साक्ष काढणारा कोणी नसतो, आणि दुरुस्तीची गाडी पोहोचेपर्यंत अडसर हातानेच उचलावा लागतो.